टास्क रांगेतच बसून राहतात: एअरफ्लोमधल्या मर्यादांचा हिशोब कुठे चुकतो

एअरफ्लो म्हणजे डेटाची कामं ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने चालवणारी यंत्रणा. तिच्यात एकेक काम म्हणजे टास्क, एकमेकांवर अवलंबून टास्कचा संच म्हणजे डॅग आणि डॅगची एक फेरी म्हणजे रन. शेड्युलर कुणाची पाळी ते ठरवतो, एक्झिक्युटर काम वाटतो, वर्कर ते करतो. आधी लक्षण सांगतो. ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

रात्री डॅग वेळेवर सुरू होतात. पहिल्या काही टास्क हिरव्या होतात आणि अर्ध्या तासाने सगळं थबकतं. एकही टास्क लाल नाही, लॉगमध्ये एरर नाही, वर्करचा सीपीयू जेमतेम दहा टक्के. तरी शंभरएक टास्क वाट बघत बसलेल्या. शेड्युलर रीस्टार्ट केला की गाडी थोडी पुढे सरकते, सगळे झोपायला जातात, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

आमच्याकडे हे तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या दोन वेळा आम्ही तेच केलं जे बहुतेक जण करतात: कॉन्फिगमधला पॅरललिझमचा (एका वेळी एकूण किती टास्क चालतील त्याचा) आकडा दुप्पट केला आणि एक वर्कर जोडला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिसऱ्या वेळी मात्र आकड्यांना हात न लावता आधी एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं: ही टास्क नेमकी कोणत्या मर्यादेपाशी अडली आहे? त्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं ते इथे लिहितोय. आमचा सेटअप एअरफ्लोच्या दुसऱ्या आवृत्तीवर, सेलरी एक्झिक्युटर (वर्करना कामं वाटणारा), रेडिस (निरोपांची रांग) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) असा आहे. तिसऱ्या आवृत्तीत जिथे फरक आहे तिथे तसं सांगतो.

शेड्युल्ड की क्यूड?

बोलताना आपण दोन्हीला 'टास्क क्यूमध्ये आहे' असंच म्हणतो आणि तिथेच माशी शिंकते. या दोन वेगळ्या अवस्था आहेत. शेड्युल्ड म्हणजे टास्कच्या आधीची सगळी कामं झाली, तिची पाळी आली, पण शेड्युलरने तिला अजून एक्झिक्युटरकडे दिलेलं नाही. क्यूड म्हणजे शेड्युलरने हात झटकले, निरोप पाठवला, पण कुठल्याही वर्करने तो उचललेला नाही.

टास्क शेड्युल्डमध्ये अडकली असेल तर वर्कर वाढवून काडीचाही उपयोग नाही. तिला अडवणारी गोष्ट शेड्युलरच्या हिशोबात आहे: पूल (टास्कसाठी मोजून ठेवलेल्या जागांचा गट) भरला, डॅगची मर्यादा भरली किंवा एकूण मर्यादा भरली. क्यूडमध्ये अडकली असेल तर उलट, शेड्युलरचे आकडे कितीही वाढवा, रांग फक्त लांब होईल.

आमच्या ऑन-कॉलच्या वहीत आता पहिली ओळ हीच आहे. मेटाडेटा डेटाबेसमधल्या (एअरफ्लो स्वतःच्या नोंदी ठेवतो तो) टास्क इन्स्टन्सच्या टेबलवर एक साधी क्वेरी चालवायची: स्टेट, पूल आणि क्यू (टास्क ज्या वर्करच्या रांगेत जाते ती) या तीन कॉलमवर ग्रुप बाय, सोबत काउंट. दहा सेकंदांत चित्र समोर येतं. 'शेड्युल्ड, डिफॉल्ट पूल, ११४' असं दिसलं तर एक रस्ता. 'क्यूड, हेवी नावाची क्यू, ४०' असं दिसलं तर दुसरा. स्क्रीनवरच्या रंगीत चौकोनांकडे बघत तर्क करण्यात आम्ही आधी कित्येक रात्री घालवल्या आहेत.

शेड्युल्डमध्ये अडकलेल्या टास्क

एअरफ्लोच्या मर्यादा डब्यात डबा ठेवावा तशा एकात एक आहेत. मूळ आकडे असे: पॅरललिझम ३२, एका डॅगमध्ये एका वेळी चालणाऱ्या टास्क १६, एका डॅगच्या एका वेळी चालणाऱ्या रन १६, डिफॉल्ट पूलच्या जागा १२८, आणि सेलरीच्या प्रत्येक वर्करची कॉन्करन्सी (एका वेळी तो चालवतो त्या टास्क) १६. यातली सगळ्यात लहान मर्यादा चालते, बाकीच्या शोभेला. डिफॉल्ट पूलचे १२८ वाढवून २५६ करणारे मी पाहिले आहेत. पॅरललिझम ३२ वर असताना त्या पूलची १२८वी जागा कधी कुणी बघितलेलीच नसते.

यात पॅरललिझमबद्दल एक खाचखळगा आहे. हा आकडा दर शेड्युलरमागे आहे. दोन शेड्युलर चालवत असाल तर तुमची खरी मर्यादा ६४ आहे. आम्ही दुसरा शेड्युलर चढवला तेव्हा कॉन्फिगला हातही लावला नव्हता आणि तरी डेटाबेसवरचा ताण अचानक का वाढला, हे दोन दिवस कळलं नाही.

डॅगच्या टास्कची मर्यादा दुसऱ्या आवृत्तीत त्या डॅगच्या सगळ्या रन मिळून मोजली जाते, तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक रनमागे. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक आवृत्ती बदलताना नीट लक्षात घ्या. ज्यांनी या मर्यादेवर विसंबून पलीकडच्या एखाद्या यंत्रणेचं रक्षण केलं असेल, त्यांचं कुंपण आवृत्ती बदलल्या रात्री गेलेलं असेल.

याच मर्यादेमुळे आणखी एक गंमत होते. रोज चालणारा एखादा डॅग तीन आठवडे पॉज करून ठेवला आणि मग चालू केला, कॅचअप म्हणजे राहून गेलेल्या रन भरून काढणं चालू आहे (दुसऱ्या आवृत्तीत तो मुळात चालूच असतो, तिसऱ्यात बंद). २१ रन बाकी असतात, त्यातल्या १६ एकदम सुरू होतात आणि त्या सगळ्यांमध्ये मिळून फक्त १६ टास्कच्या जागा. म्हणजे सरासरी प्रत्येक रनच्या वाट्याला एक टास्क. सोळाही रन मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतात आणि तासन्‌तास एकही पूर्ण होत नाही. अशा डॅगसाठी एका वेळच्या रनची मर्यादा १ किंवा २ ठेवा. एकूण वेळ जवळपास तेवढाच लागतो, पण सगळ्यात जुना दिवस आधी हातात येतो, मग त्याच्या पुढचा.

दोन कारणं अशी आहेत जी शोधायला फार वेळ खातात, पण कळली की कपाळावर हात मारावा लागतो. एक, टास्कमध्ये लिहिलेला पूल अस्तित्वातच नाही. कुणीतरी चाचणीच्या सर्व्हरवर पूल बनवला, प्रत्यक्ष सर्व्हरवर विसरला. टास्क शेड्युल्डमध्ये बसून राहते आणि फक्त शेड्युलरच्या लॉगमध्ये एक इशारा येतो, टास्कच्या लॉगमध्ये नाही. टास्क चाललीच नाही तर तिचा लॉग कुठून असणार! दुसरं, टास्कने मागितलेल्या पूल स्लॉट्स पूलच्या एकूण आकारापेक्षा जास्त. पूल ४ चा, टास्कला हव्यात ५. ती कल्पान्तापर्यंत थांबेल. दोन्हींसाठी शेड्युलरचा लॉग वाचावा लागतो, आणि तो वाचायची सवय फार थोड्यांना असते.

लहान डॅग उपाशी का राहतो

आमच्याकडे तक्रार अशी यायची: 'आमचा डॅग एका टास्कचा आहे, दोन मिनिटांत होतो, तरी रोज तीन तास थांबतो. मोठे डॅग मात्र धडाधड पुढे जातात.' ही तक्रार आम्ही बरेच दिवस हसण्यावारी नेली. चूक आमची होती.

पूलमध्ये जागेसाठी झटापट असते तेव्हा शेड्युलर टास्कचं प्राधान्य बघतो. आणि प्राधान्याचा मूळ नियम असा, की टास्कच्या स्वतःच्या वजनात तिच्या पुढच्या सगळ्या टास्कची वजनं मिळवायची. म्हणजे ६० टास्कच्या डॅगमधल्या पहिल्या टास्कचं वजन, बाकीच्या सगळ्या तिच्यावर अवलंबून असतील तर, ६०. एका टास्कच्या डॅगचं वजन १. मोठ्या डॅगांची गर्दी असेपर्यंत बिचाऱ्या लहान डॅगला कुणी विचारतच नाही. नियम तसा शहाणपणाचा आहे, लांब काम आधी सुरू झालेलं बरं. पण वेगवेगळ्या गटांचे डॅग एकाच पूलमध्ये आले की अन्याय होतो.

उपाय दोन. वजनाचा नियम ॲब्सोल्यूट करून प्राधान्य हाताने द्या, किंवा गटांचे पूल वेगळे करा. आम्ही दुसरा निवडला. पहिल्यात प्रत्येक जण आपल्या डॅगला १००० वजन देतो आणि महिनाभरात पुन्हा सगळे सारखेच.

पहिला खरा गुन्हेगार: सेन्सर

आता आमच्या पहिल्या वेळच्या कारणाकडे येतो. ग्रुप बायच्या क्वेरीत 'रनिंग ३२' असं येत होतं. म्हणजे एकूण मर्यादा भरलेली. पण सीपीयू दहा टक्के. चालू असलेल्या ३२ टास्क नेमक्या काय करत आहेत ते बघितलं तर त्यातले २९ सेन्सर होते. फाइल आली का, दुसऱ्या डॅगची टास्क झाली का, असं विचारत बसलेले.

सेन्सरचा मूळ मोड पोक आहे. या मोडमध्ये सेन्सर एक जागा घेतो, तपासतो, ६० सेकंद झोपतो, पुन्हा तपासतो. झोपतानाही जागा सोडत नाही. आणि त्याचा मूळ टाइमआउट आहे ७ दिवस. आठवडाभर जागा अडवून झोपायची त्याला अधिकृत परवानगी आहे.

खरी गाठ अशी बसली होती: त्या २९ पैकी बरेच सेन्सर ज्या टास्कची वाट बघत होते, त्या टास्क शेड्युल्डमध्ये अडकल्या होत्या. कारण जागा सेन्सरने खाल्ली होती. सेन्सर टास्कसाठी थांबलाय, टास्क सेन्सरसाठी. यात कुणीच चुकीचं वागत नाही, म्हणून एररही येत नाही. पॅरललिझम ६४ केल्यावर काही दिवस चाललं, कारण ६४ जागा भरतील इतके सेन्सर अजून नव्हते. नंतर झाले.

लगेचचा उपाय म्हणजे सेन्सरचा मोड रीशेड्युल करणं. मग दोन तपासण्यांच्या मध्ये जागा सुटते. पण इथे तपासणीचं अंतर १० सेकंद ठेवू नका. प्रत्येक तपासणीला नवी प्रोसेस उभी राहते, शेड्युलरला पुन्हा काम पडतं. फाइल दिवसातून एकदा येणार असेल तर ५ मिनिटांनी विचारलं तरी आभाळ कोसळत नाही. शिवाय टाइमआउट माणसासारखा द्या, ७ दिवस नको. सकाळी सहापर्यंत फाइल आली नाही तर मला कळायला हवं, पुढच्या मंगळवारी नव्हे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे डिफरेबल ऑपरेटर (वाट बघताना जागा सोडणारे टास्कचे तयार साचे), जे २.२ पासून आहेत. इथे वाट बघण्याचं काम ट्रिगरर नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे जातं आणि वर्कर मोकळा होतो. एक ट्रिगरर मूळ सेटिंगमध्ये १००० ट्रिगर सांभाळतो, कारण ते सगळे एकाच असिंक लूपमध्ये (आळीपाळीने) असतात. अट एकच: ट्रिगरर चालू असला पाहिजे. हास्यास्पद वाटेल, पण 'डिफरेबल केलं आणि टास्क डिफर्डमध्येच राहिल्या' या तक्रारीमागे बहुतेकदा ट्रिगरर सुरूच केलेला नसतो.

आणि सेन्सरसाठी वेगळा पूल करा. डिफरेबल झालेले नसतील तर तरी नक्कीच. सेन्सर एकमेकांना अडवू देत, कामाच्या टास्कना नको.

दुसऱ्यांदा: उपायानेच केलेला घोटाळा

सेन्सर सुटले म्हणून आम्ही उत्साहात वेअरहाऊसवर (विश्लेषणाच्या मोठ्या डेटाबेसवर) क्वेरी चालवणारे ऑपरेटरही डिफरेबल केले. वर्करवरचा भार धाडकन उतरला. आठवड्याभराने वेअरहाऊस सांभाळणाऱ्या गटाचा फोन: रात्री एकाच वेळी साठ-सत्तर क्वेरी येत आहेत, आपलं तर आठचं ठरलं होतं.

आमच्याकडे त्यासाठी ८ जागांचा पूल होता. तो तसाच होता, प्रत्येक टास्कवर लावलेला होता. तरी?

कारण असं, की टास्क डिफर झाली की ती पूलमधली जागा सोडते. वर्करच्या दृष्टीने बरोबरच आहे, ती आता वर्करवर नाहीच. पण क्वेरी वेअरहाऊसमध्ये चालूच आहे. पूलने जागा मोकळी समजली, पुढची टास्क आत सोडली, तिने क्वेरी पाठवली, तीही डिफर झाली. असं करत साठ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा: पूलच्या नावात वेअरहाऊस, पण तो मोजत होता आमच्या वर्करवरची गर्दी.

२.७ पासून पूलमध्ये डिफर्ड टास्कही मोजायच्या का, अशी एक खूण आहे. ती केली आणि प्रश्न मिटला. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक पूल दोनपैकी एका प्रकारात टाकतो. काही पूल आपल्या यंत्राची जागा राखतात: मेमरी, प्रोसेस, डिस्क. काही पूल दुसऱ्याच्या दारात किती जण एका वेळी जाणार ते ठरवतात. पहिल्या प्रकारात डिफर्ड टास्क मोजू नका, दुसऱ्यात मोजल्याच पाहिजेत. एकच पूल दोन्ही कामांना वापरला असेल तर तो एका बाजूला खोटं बोलतोय हे नक्की. पूलचं नाव जी गोष्ट कमी आहे तिच्यावरून ठेवा, गटाच्या किंवा प्रोजेक्टच्या नावावरून नाही. गटाच्या नावाचा पूल कोणत्या कारणाने ८ चा आहे, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

एपीआयचं, म्हणजे बाहेरच्या सेवेला विनंत्या पाठवण्याचं, प्रकरण याहून थोडं निसरडं आहे. पूल एका वेळी किती जण ते ठरवतो, सेकंदाला किती ते नाही. समजा पलीकडच्या सेवेची मर्यादा सेकंदाला १० विनंत्या आणि एका विनंतीला सरासरी ०.४ सेकंद लागतो. लिटलच्या नियमाने एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे दर गुणिले वेळ, म्हणजे ४. ठीक, पूल ४ चा केला. आता सेवेने तिची बाजू सुधारली आणि विनंती ०.१ सेकंदात होऊ लागली. तोच पूल आता सेकंदाला ४० विनंत्या सोडतो आणि ४२९ चा ('फार विनंत्या येताहेत' या उत्तराचा) मारा सुरू होतो. सेवा जलद झाली म्हणून आपण कोलमडलो! म्हणून दराची मर्यादा टास्कच्या आत, कोडमध्येच घाला, आणि ४२९ सोबत रिट्राय-आफ्टरचा (किती वेळाने परत यायचं ते सांगणारा) हेडर आला तर तो पाळा. पूल ही बाहेरची भिंत, तिच्यावर सगळं सोपवू नका.

मूळ रिट्रायचं अंतर ३०० सेकंदांचं असतं. सेवा बंद पडली, ५० टास्क एकाच मिनिटात फेल झाल्या, तर पाच मिनिटांनी त्या पन्नासही हातात हात घालून परत दारात. एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ चालू करा. अंतर दर वेळी वाढतं आणि एअरफ्लो त्यात थोडी विखुरणही करतो. कमाल अंतरही ठरवा, नाहीतर सातव्या प्रयत्नाला सकाळ उजाडते.

क्यूडमध्ये अडकलेल्या टास्क

हा रस्ता तुलनेने सरळ आहे. पहिली तपासणी: टास्कने मागितलेली क्यू कुठला वर्कर ऐकतोय का? वर्कर सुरू करताना क्यूची नावं द्यावी लागतात आणि एका अक्षराची चूक पुरते. २.६ पासून क्यूडमध्ये मूळ सेटिंगनुसार ६०० सेकंद राहिलेली टास्क एअरफ्लो फेल समजतो किंवा पुन्हा प्रयत्नाला लावतो, त्यामुळे ही चूक आता 'टास्क चाललीच नाही आणि फेल झाली' अशा रूपात दिसते. लॉग रिकामा. घाबरू नका, क्यूचं नाव बघा.

दुसरी तपासणी साधी बेरीज. वर्कर ३, प्रत्येकाची कॉन्करन्सी १६, म्हणजे ४८. पॅरललिझम १२८ केला असेल तर ८० टास्क क्यूडमध्ये उभ्या राहणारच. आणि लक्षात घ्या, क्यूड टास्क पूलमधली जागाही धरून असते. म्हणजे चालत नसूनही दुसऱ्याला अडवते. पॅरललिझम वर्करच्या एकूण क्षमतेच्या फार पुढे नेऊन ठेवण्यात शहाणपण नाही. आम्ही तो क्षमतेपेक्षा थोडासाच वर ठेवतो.

रेडिस वापरत असाल तर व्हिजिबिलिटी टाइमआउट तपासा. सेलरीचा रेडिससाठीचा मूळ आकडा १ तास आहे. एअरफ्लो स्वतः त्याहून बराच मोठा आकडा देतो, पण आमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये कुणीतरी ३६०० लिहून ठेवलं होतं. टास्क त्याहून जास्त वेळ चालली की निरोप कुणी उचललाच नाही असं समजून तो पुन्हा रांगेत येतो, आणि दुसरा वर्कर तीच टास्क उचलायला जातो. बरोबर एक तासाने काहीतरी विचित्र घडतंय, असं दिसलं की आधी इथे बघा. गोल आकड्यांवर घडणाऱ्या गोष्टी क्वचितच योगायोग असतात.

तिसऱ्यांदा: मेमरी आणि भुतं

तिसऱ्या वेळी टास्क अडकत नव्हत्या, मरत होत्या. लॉग मध्येच तुटायचा आणि शेवटी रिटर्न कोड उणे ९. कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेवर) असाल तर हेच १३७ म्हणून दिसतं: १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल, प्रोसेस तडकाफडकी मारणारा सिग्नल. मेमरी संपली आणि कर्नलने सगळ्यात जाड प्रोसेस उडवली, हेच बहुतेक वेळा कारण असतं.

कॉन्करन्सी १६ म्हणजे वर्करवर १६ टास्क, मग त्या एका एसक्यूएल क्वेरीच्या असोत की चार जीबीच्या डेटाफ्रेमच्या. वर्करला टास्क मोजता येतात, मेमरी मोजता येत नाही. १६ जीबीच्या मशीनवर चार जड टास्क एकत्र आल्या की खेळ खलास, आणि त्या एकत्र येतीलच असं नसल्यामुळे हे रोज घडत नाही. म्हणूनच शोधायला जड जातं. आम्ही जड टास्कसाठी वेगळी क्यू केली, तिच्यावर कॉन्करन्सी २ चा वर्कर. पूल स्लॉट्सनेही वजन देता येतं, जड टास्क ४ जागा घेते असं. पण पूल सगळ्या वर्करमध्ये मिळून मोजतो, एका मशीनवर कोण कोण येणार ते त्याला ठाऊक नाही. त्यामुळे मेमरीसाठी मला क्यूच भरवशाची वाटते.

कुबरनेटिस एक्झिक्युटर असेल तर हे दुखणं रिक्वेस्ट आणि लिमिटच्या रूपात येतं. पॉड (टास्कचा कंटेनर) कुठे बसवायचा ते रिक्वेस्टवरून ठरतं, मेमरीचं लिमिट ओलांडलं की पॉड मारला जातो. सीपीयूचं लिमिट ओलांडलं तर मारला जात नाही, नुसता मंदावतो. 'काल वीस मिनिटं लागली, आज दीड तास' या तक्रारीचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. आणखी एक: कंटेनरच्या आत पायथनला कोअर किती म्हणून विचारलं तर बऱ्याचदा पूर्ण मशीनचे कोअर सांगितले जातात. तुमच्या पॉडला २ दिलेत, लायब्ररी ६४ थ्रेड उभे करते, प्रत्येक थ्रेडची मेमरी वेगळी. थ्रेडची संख्या हाताने लिहा.

पण खरा त्रास मेमरी संपण्याचा नव्हताच. टास्क यूआयमधून थांबवली तर ऑपरेटरची ऑन-किल पद्धत चालते आणि पलीकडची क्वेरी किंवा स्पार्कचा जॉब रद्द करता येतो. सिगकिलला तेवढी उसंत नसते. आमची टास्क मेली, तिचा जॉब पलीकडे जिवंत राहिला. पाच मिनिटांनी रिट्राय झाला, त्याने दुसरा जॉब पाठवला. पुन्हा मेमरी संपली, तिसरा. एअरफ्लोच्या हिशोबात एक जागा, पलीकडे तीन जॉब, तेही एकाच टेबलवर लिहिणारे. पलीकडची यंत्रणा मंदावली, म्हणून आमच्या बाकीच्या टास्क जास्त वेळ जागा धरून बसल्या, म्हणून रांग लांबली. सकाळी जे दिसलं ते पुन्हा तेच जुनं लक्षण: टास्क शेड्युल्डमध्ये अडकल्यात.

आता जॉब पाठवताना आम्ही त्याला डॅग, रन आणि टास्क यांच्या ओळखीवरून बनवलेलं ठरावीक नाव देतो. प्रयत्नाचा क्रमांक त्यात मुद्दाम घालत नाही. पाठवण्याआधी त्या नावाचा जॉब चालू आहे का ते विचारायचं, असेल तर नवा पाठवायचा नाही, त्यालाच जोडून घ्यायचं. मॅप केलेल्या टास्क (एकाच टास्कच्या अनेक प्रती) असतील तर नावात मॅप इंडेक्सही लागतो, नाहीतर सगळी भावंडं एकाच जॉबला जाऊन चिकटतात. हे आम्ही अनुभवाने शिकलो.

डेटाबेसच्या जोडण्या

थोडक्यात सांगतो. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये १०० जोडण्या, त्यातल्या ३ सुपरयूझरसाठी राखीव. एअरफ्लोची प्रत्येक प्रोसेस ५ जोडण्यांचा साठा ठेवते आणि गरज पडली तर आणखी १० उघडते. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक चालती टास्कही डेटाबेसशी थेट बोलते. पॅरललिझम वाढवला की पहिला फटका इथे बसतो, आणि जोडणी मिळाली नाही तर टास्कचा हार्टबीट (जिवंत असल्याची नियमित खूण) चुकतो, मग जिवंत टास्कही झोंबी, म्हणजे मेलेल्या, ठरवून मारल्या जातात. पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ) मध्ये बसवा. तिसऱ्या आवृत्तीत टास्क थेट डेटाबेसकडे जात नाहीत, एपीआय सर्व्हरमार्फत जातात, त्यामुळे हा भाग बराच हलका झाला आहे.

आणि डॅगच्या फाइलमध्ये अगदी वरच्या पातळीवर एअरफ्लोची व्हेरिएबल (डेटाबेसमध्ये ठेवलेली मूल्यं) वाचू नका. फाइल साधारण दर ३० सेकंदांनी पुन्हा वाचली जाते. ४० फाइल, प्रत्येकीत ५ व्हेरिएबल, म्हणजे अर्ध्या मिनिटाला २०० वाचनं, एकही टास्क चालत नसताना. तेच वाचन टास्कच्या आत न्या.

मध्यरात्रीची गर्दी

डेली असं लिहिलं की डॅग ००:०० ला सुटतो. सगळ्यांचे सगळे डॅग त्याच क्षणी. मिनिटं विखुरणं हा सोपा उपाय आहे, पण दुसऱ्या आवृत्तीत एक सापळा आहे: वेळ ००:१७ केली की डेटा इंटरव्हलही (रन ज्या काळाचा डेटा घेते तो) ००:१७ ते ००:१७ होतो. क्वेरीत इंटरव्हलची सुरुवात तारीख-वेळ म्हणून वापरली असेल तर दिवसाच्या कडा सरकतात, आणि रोजची १७ मिनिटं शेजारच्या दिवसात जातात. आकडे एकूण बरोबर, दिवसागणिक चूक. फक्त तारीख वापरली असेल तर बिघडत नाही. आम्ही विखुरण्याआधी सगळ्या क्वेरी चाळल्या आणि पाच ठिकाणी हे सापडलं.

आता आमच्या डॅशबोर्डवर तीनच आलेख आहेत: एक्झिक्युटरच्या मोकळ्या जागा, प्रत्येक पूलमधल्या उपाशी टास्क, आणि सगळ्यात जुनी शेड्युल्ड टास्क किती मिनिटांपासून थांबली आहे. तिसरा आलेख एअरफ्लो स्वतः देत नाही. वरच्या ग्रुप बाय क्वेरीच्याच जातीची एक क्वेरी दर मिनिटाला चालवून तो काढतो. तिचा आकडा २० च्या वर गेला की फोन वाजतो, आणि ज्याचा फोन वाजतो त्याला पॅरललिझम बदलायची परवानगी नाही.